होस्ट फॅमिलीकडे राहताना मैत्रिणीला बोलवायचंय? तिकिटाआधी ठरवायच्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीची एक मुलगी सध्या जर्मनीत, फ्रायबुर्गजवळच्या एका गावात ओ-पेअर म्हणून राहते, म्हणजे एका कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळते. घरात आई, बाबा आणि दोन मुलं, एक सहा वर्षांचं, एक तीन वर्षांचं. तिची कॉलेजची मैत्रीण डब्लिनला एमएस्सी करते आणि ईस्टरच्या सुट्टीत दहा दिवस हिच्याकडे यायचं म्हणते. "माझ्याच खोलीत राहील, त्यांना काहीच त्रास नाही. पण विचारू कसं? आणि नाही म्हणाले तर उरलेले महिने अवघडून काढावे लागतील का?"

आधी उत्तर देते, तपशील मागाहून. विचार, जरूर विचार. पण दहा दिवसांचं नको, तीन रात्रींचं विचार. ईस्टरचं नको, त्यानंतरच्या एखाद्या साध्या आठवड्याचं विचार. आणि मैत्रिणीला आजच कळव की तिच्या आयर्लंडच्या रेसिडेन्स परमिटवर जर्मनीत येता येत नाही, शेंगेन व्हिसा काढावा लागतो, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा. डब्लिन-लंडनकडच्या मुली इथे हमखास फसतात. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढून मोकळ्या होतात आणि व्हिसाची आठवण नंतर होते.

मी स्वतः ओ-पेअर होते. आता पुण्यात जर्मन शिकवते आणि ओ-पेअर म्हणून निघालेल्या मुलामुलींची तयारी करून घेते. तिकडच्या कुटुंबांशीही बोलणं होत असतं, त्यामुळे हे प्रकरण मी दोन्ही बाजूंनी ऐकत आले आहे. पाहुणी आली म्हणून नाराज झालेली कुटुंबं मला फार कमी भेटली. उशिरा कळलं, कधी जाणार ते कळलंच नाही, आणि ते सगळे दिवस आमची ओ-पेअर अर्धीच आमच्याकडे होती, अशा तक्रारी मात्र बऱ्याच ऐकल्या. तिन्ही गोष्टी मैत्रिणीने तिकीट काढण्याआधी निकालात काढता येतात.

तुझं वाक्य घेऊ: "माझ्याच खोलीत राहील." खोली तुझी आहे, यात वाद नाही. ओ-पेअरला स्वतंत्र खोली देणं कुटुंबाला बंधनकारक आहे, किमान आठ चौरस मीटरची आणि खिडकी असलेली. पण खोलीच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की बाथरूम, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, जिन्यातली चपलांची जागा, घराची किल्ली, सगळं त्यांचं. आठ-दहा चौरस मीटरच्या खोलीत दुसरं माणूस झोपू शकतं, दिवस काढू शकत नाही. तू सकाळी मुलांचे डबे भरत असशील तेव्हा मैत्रीण कुठे असेल? त्यांच्या सोफ्यावर. सकाळी सात ते साडेसात बाथरूमपुढे घरातल्या चौघांची आणि तुझी मिळून आधीच रांग असते, त्यात सहावं माणूस येणार. हे त्यांना त्रासाचं वाटेलच असं नाही. पण "त्रास नाही" हे त्यांनी म्हणायचं आहे, तू नाही.

आता विचारायचं कसं. आपल्याकडे मावशीच्या घरी जाताना कोणी परवानगी मागत नाही, "शनिवारी येतेय गं" म्हणून कळवतो. कोणी विचारलंच तर समोरचा "त्यात काय विचारायचं, ये की" म्हणतो, मग मनात काहीही असो. तिथे बहुतेक घरांत प्रश्न हा खरोखरच प्रश्न म्हणून घेतला जातो. आईबाबा दोघं कॅलेंडर उघडतील, एकमेकांशी बोलतील आणि हो किंवा नाही सांगतील. त्या "नाही"च्या मागे बहुधा काही साठलेलं नसतं. त्या आठवड्यात आजी येणार असेल, ऑफिसचं काम उरावर असेल, नाहीतर नुसतं घरात परकं माणूस नको असेल. "हो"चंही तसंच. एकदा हो म्हणाले की "नक्की ना? खरंच चालेल ना?" करत दर दोन दिवसांनी विचारू नकोस, त्यानेच माणसं कंटाळतात.

नाही म्हणणं त्यांना सोपं जावं अशा बेताने विचार, म्हणजे तुझी दुसरी सोय आधीच तयार हवी. निरोप साधारण असा असू दे: "डब्लिनला शिकणारी माझी कॉलेजची मैत्रीण जूनच्या मध्यात या भागात येणार आहे. गुरुवार ते रविवार, तीन रात्री ती माझ्या खोलीत राहिली तर चालेल का? बाकीचे दिवस ती टिटिझेला राहणार आहे. तुम्हाला जमणार नसेल तर या तीन रात्रीही ती तिथेच राहील. शुक्रवारी मी नेहमीसारखं काम करीन, शनिवार-रविवार मला सुट्टी मिळाली तर बरं होईल. दोघांनी बोलून या आठवड्यात कधीही सांगितलंत तरी चालेल." (टिटिझे हे जवळचं पर्यटनाचं गाव, त्याबद्दल पुढे सांगते.) यात कोण, कधी, किती रात्री, कुठे झोपणार, कामाचं काय आणि नाही म्हटलं तर काय, सगळं आलं. उत्तराला मुदतही आली आणि तोंडावर उत्तर द्यायची सक्तीही नाही. तुझ्या ए-टू पातळीच्या जर्मनमध्ये एवढं सहज बसतं. बोलताना अडखळशील असं वाटलं तर आधी लिहून काढ.

सहा ते आठ आठवडे आधी विचार. आईबाबा दोघं असताना, मुलं झोपल्यावर. बऱ्याच घरांत ओ-पेअरबरोबर आठवड्याची एक बैठक असते, ती असेल तर उत्तमच. सकाळी एक जण मोजा शोधतोय आणि दुसऱ्याची गाडी चुकतेय, तेव्हा हा विषय नको. आणि मुलांना आधी सांगू नकोस. "मीराताई येणार!" म्हणून सहा वर्षांचं पोरगं घरभर नाचलं की आईबाबांच्या हातात नकार उरत नाही. त्यांना ते लगेच लक्षात येतं आणि आवडत नाही.

ईस्टर का नको, तर तो त्यांचा दिवाळीसारखा घरचा सण. गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे या चार दिवसांत आजी-आजोबा येतात किंवा घरचे त्यांच्याकडे जातात. शुक्रवार, रविवार, सोमवार दुकानं बंद, उघडा फक्त शनिवार, आणि त्या दिवशी सुपरमार्केटमध्ये अख्खा गाव लोटतो. तुमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात गुड फ्रायडेला सार्वजनिक नाचगाण्यावरही कायद्याने बंदी असते, त्यामुळे मैत्रिणीला फ्रायबुर्गची रात्र बघायची असेल तर तीही गेली. किटा, म्हणजे मुलांची बालवाडी, तीही बंद असण्याची शक्यता मोठी, म्हणजे मुलं दिवसभर घरी आणि तुझं काम वाढलेलं. ख्रिसमसचे २४ ते २६ डिसेंबर याहून अवघड, ते तर विचारूच नकोस.

एक मोह टाळ. कुटुंब ईस्टरला आजीकडे जाणार, घर तुझ्यावर सोडून जाणार, मग "घर मोकळंच आहे, तेव्हाच ये" असं वाटतं. रिकाम्या घरात पाहुणी आणायची तर परवानगी आणखी स्पष्ट हवी. आपण नसताना घरात अनोळखी माणूस होतं हे शेजाऱ्याकडून कळलं, तर ते घर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. आणि शेजारी सांगतातच, गाव आहे ते.

व्हिसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यातला एक भाग थेट तुझ्या होस्ट फॅमिलीशी जोडलेला आहे. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हीत नाही. त्यामुळे तिथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, आणि तिथे कायदेशीर राहत असल्याने अर्ज तिथूनच करता येतो. फी जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, शंका आली तर ४५ पर्यंत जातात. शिवाय अर्जाच्या अपॉइंटमेंटसाठी थांबावं लागतं ते वेगळंच. हेच ती जर्मनीतच आखेनला किंवा पॅरिसला शिकत असती तर काहीच लागलं नसतं. शेंगेनमधल्या देशाचा रेसिडेन्स परमिट आणि पासपोर्ट घेऊन बाकीच्या शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. तुलाही ते लागू आहे, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला किंवा स्वित्झर्लंडमधल्या बाझलला तू आजही जाऊ शकतेस. डब्लिनला मात्र नाही, तिकडे जायला तुला आयर्लंडचा व्हिसा लागेल.

अर्जात राहण्याचा पत्ता द्यावा लागतो. तू निमंत्रणपत्र तुझ्या नावाने लिहिलंस तरी पत्ता त्यांच्या घराचा असणार, तो दूतावासाच्या फाइलमध्ये जाणार. म्हणून त्यांचं हो येईपर्यंत मैत्रिणीला अर्जात तो पत्ता घालू देऊ नकोस. तोपर्यंत तिने टिटिझेचं बुकिंग करून ठेवावं, आणि प्रत्यक्ष राहणार तेच कागदावर लिहावं.

मैत्रीण कदाचित तुला म्हणेल की व्हिसा लवकर मिळावा म्हणून होस्ट फॅमिलीकडून हमीपत्र घे. जर्मनीत पाहुण्याच्या खर्चाची हमी द्यायचा एक सरकारी कागद असतो. फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग हे त्याचं नाव, म्हणायला जितकं अवघड तितकाच तो कागद जड. परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन, स्वतःची मिळकत दाखवून तो करावा लागतो. त्या पाहुण्यावर सरकारचा जो काही खर्च होईल, आजारपणासकट, तो भरायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, आणि कायद्यात ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. तुझ्या २८० युरो पॉकेटमनीवर तुला तो करता येणार नाही. आणि होस्ट फॅमिलीकडे हा विषय काढूच नकोस. ज्या मुलीला त्यांनी पाहिलेलंही नाही तिची हमी मागणं म्हणजे त्यांना नाही म्हणायला भाग पाडणं. मैत्रिणीने आपले बँक स्टेटमेंट, कॉलेजचं पत्र आणि परतीचं बुकिंग दाखवावं, विद्यार्थ्यांचं काम त्यावर होतं. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवासविमा व्हिसासाठी लागतोच. कुटुंबाने तुझा जो विमा काढलाय त्यात ती येत नाही. तिला काही झालं तर तातडीसाठी ११२, आणि रात्री-सुट्टीला साध्या आजारपणासाठी डॉक्टर हवा असेल तर ११६११७, हे दोन नंबर तिच्या फोनमध्ये घालून दे.

आता कामाचं. तुझे नियम तुला पाठ असतील, तरी मैत्रीण येणार म्हटल्यावर कुठे काय बसतं ते बघ. आठवड्याला ३० तास, दिवसाला सहा, यात संध्याकाळचं बेबीसिटिंगही आलं. आठवड्यातून दीड दिवस आणि चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातला किमान एक रविवार सुट्टीचा, आणि वर्षाला चार आठवडे पगारी रजा. म्हणजे तीन रात्रींसाठी तुला मेहरबानी मागायची गरजच नाही, हक्काचा वेळ पुरतो. फक्त तो कुठला, हे विचारतानाच सांग. "शुक्रवारी थोडं लवकर निघू का, शनिवारी भरून काढते" असली तुकड्यातुकड्यांची उधारी ऐनवेळी नको.

यातल्या दोन गोष्टींवर मी हटून बसते. मुलं मैत्रिणीच्या भरवशावर पाच मिनिटंही सोडायची नाहीत. "मी बाथरूमला जाऊन येते, जरा बघ" एवढंही नाही. ती शिक्षिका असो, तिला चार भाचरं असोत, त्या आईबाबांनी तिला निवडलेलं नाही. किटातून मुलाला आणायला ती एकटी तर जाऊच शकत नाही, ज्यांची नावं आईबाबांनी लिहून दिलीत त्यांच्याच हाती तिथे मूल देतात. दुसरी गोष्ट फोटो. मुलांचे फोटो तिने काढायचे नाहीत, घराच्या आतले काढायचे नाहीत, आणि इन्स्टाग्रामवर काहीच टाकायचं नाही. "किती गोड आहेत गं" हे आपल्याकडे कौतुक असतं. जर्मनीत मुलांचा फोटो टाकायला पालकांची संमती कायद्यानेच लागते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बहुतेक पालक याबाबतीत फार कडक असतात. पाहुणी दाराशी आल्यावर हे सांगणं अवघड जातं, म्हणून आधी फोनवर सांग.

कुटुंबाची गाडी घेऊन फिरायचा बेत असेल तर तोही वेगळा विचारावा लागेल. तू मुलांना पोहायला नेतेस म्हणून मैत्रिणीला फेल्डबर्गचा डोंगर दाखवायला गाडी तुझीच, असं होत नाही. आणि चाक मैत्रिणीच्या हाती अजिबात नको, विम्यात कोण कोण चालक आहेत हे त्यांनाच माहीत.

घरात काय अडतं ते आता. आधी किल्ली. तुझी किल्ली तिला देऊ नकोस आणि वेगळी मागू नकोस. अनेक इमारतींत एकाच कुलूप-व्यवस्थेची किल्ली खालचं दार, तळघर, फ्लॅट सगळीकडे चालते. ती हरवली तर कधीकधी अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येते, आणि बिल युरोच्या शेकड्यांत नाही, हजारांत जाऊ शकतं. तू कामावर असताना ती बाहेर असेल आणि तू मोकळी झालीस की परत येईल, एवढं साधं ठेव.

मग स्वयंपाक. तुम्ही दोघी भेटल्यावर पिठलं-भाकरी होणार, ते काही मी थांबवू शकत नाही. पण तिथली स्वयंपाकघरं बहुधा बैठकीला जोडून उघडी असतात आणि हिंग-लसणाची फोडणी दुसऱ्या दिवशीही सोफ्याच्या कापडाला येते. दुपारी कर, खिडक्या सताड उघडून, चिमणी चालू करून. धूर पॅसेजमध्ये जाऊ देऊ नकोस. झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या मार्गावर धुराचे अलार्म कायद्याने लावलेले असतात, मिरची जळाली की तेही बोंबलतात. काचेच्या शेगडीवर लोखंडी तवा घासत ओढायचा नाही. ओरखडे जात नाहीत, आणि तो अख्खा काचेचा पत्राच बदलावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाचे शेंगदाणे. आपल्या जेवणात कूट कुठे नसतं! साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, चटणीत, लाडवात. घरातल्या मुलांना शेंगदाण्याची किंवा कुठल्याही सुक्यामेव्याची अॅलर्जी आहे का ते तुला माहीत असेलच, पण मैत्रिणीला नाही. ती कौतुकाने चिक्की काढून तीन वर्षांच्या मुलाच्या हातावर ठेवेल. अॅलर्जी नसली तरी इतक्या लहान मुलाच्या घशात दाणा अडकू शकतो. मुलांना काहीही खायला द्यायच्या आधी तुला विचारायचं, आणि तू त्यांच्या आईला. शेंगदाण्याचं सगळं तुझ्या खोलीत, डबा बंद. खाऊन झालं की हात धुवून मगच मुलांजवळ.

आवाजाचं वेगळं सांगायला नको, तरी सांगते. मुलं साडेसातला झोपतात आणि त्यानंतर घर कुजबुजतं. रात्री दहा ते सकाळी सहा तर शेजाऱ्यांसाठीही शांततेची वेळ. वर्षभराने भेटलेल्या दोन मैत्रिणींच्या गप्पा भिंतीतून आरपार जातात. गप्पा मारायला बाहेर जा, जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो.

जेवणाच्या पैशांचं कसं करायचं हेही मुली विचारतात. तुझं जेवण कुटुंबाकडे आहे, मैत्रिणीचं नाही. पण म्हणून होस्ट आईच्या हातात नोटा ठेवू नयेत, तिला ते विचित्र वाटेल. तुम्ही दोघी येतानाच लिडल किंवा रेवेमधून आपल्यापुरतं सामान आणा, रविवारचं शनिवारीच, कारण रविवारी दुकान उघडं नसतं. रविवारी सकाळी मैत्रिणीने बेकरीतून सगळ्यांसाठी ताजे ब्रोटशेन, म्हणजे छोटे पाव, आणले तर त्याचं मोल वीस युरोच्या नोटेपेक्षा जास्त. एका संध्याकाळी तुम्ही दोघी सगळ्यांसाठी स्वयंपाक करा, आधी सांगून, तिखट वगळून, आणि त्यांच्या वेळेला, म्हणजे सहाला. नऊला वाढलंत तर मुलं तोवर झोपलेली असतील.

भेटवस्तू छोटी. ती डब्लिनहून येणार असल्याने कस्टमचा प्रश्न नाही. पण कोणी थेट भारतातून येत असेल तर मांसाचे आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत, तेव्हा घरचं तूप आणि खवा राहू दे. घरून काही मागवता येत असेल तर सावंतवाडीची लाकडी फळं मागव. सहा वर्षांच्या मुलाला फार आवडतात आणि दुकान-दुकान खेळायला कामी येतात. धाकट्याच्या तोंडात जाणार नाहीत एवढं बघ.

उरलेल्या सात दिवसांचं. तुमच्या भागात एक सोय आहे जी तुझ्या खोलीत फुकट राहून मिळत नाही. ब्लॅक फॉरेस्टमधल्या टिटिझे, हिंटरत्सार्टन अशा अनेक गावांत पैसे भरून राहणाऱ्या पाहुण्यांना कोनुस नावाचं कार्ड मिळतं. पर्यटक म्हणून जो छोटा कर भरावा लागतो त्यातच ते येतं, आणि त्यावर त्या भागातल्या बस आणि लोकल रेल्वे मोफत. म्हणजे तिथल्या यूथ हॉस्टेलमध्ये किंवा साध्या पेन्शनमध्ये, म्हणजे छोट्या घरगुती लॉजमध्ये, राहून ती रोज फ्रायबुर्गला येऊ शकते, गाडीला पाऊणएक तास लागतो, आणि तू मोकळी असशील तेव्हा तुम्ही भेटू शकता. जर्मन यूथ हॉस्टेलला सदस्यत्व लागतं, ते तिथेच घेता येतं. तुझ्याकडे डॉइचलँडतिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा पास, असेलच. तिने ते घेऊ नये, कारण ती महिन्याची वर्गणी आहे, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो, आणि वेळेत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. राज्यभर एक दिवस भटकायचं असेल तर तिच्यासाठी बाडेन-वुर्टेम्बर्गचं दिवसाचं तिकीट पुरे. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊपासून चालतं आणि फक्त लोकल गाड्यांत, आयसीई या जलद गाड्यांमध्ये नाही.

मित्र येणार असेल तर, म्हणजे बॉयफ्रेंड, तर "कॉलेजचा एक फ्रेंड" असं गोलमोल सांगू नये. तिथे आक्षेप लग्नाचा नसतो, घरात लहान मुलं असताना अनोळखी पुरुष रात्री राहणार याचा असतो. काही घरं हो म्हणतात, काही सरळ नाही. आधी एक व्हिडिओ कॉल करून ओळख करून दिली किंवा पहिल्या भेटीत नुसतं दुपारी कॉफीला बोलावलं, तर पुढे सोपं जातं. आईबाबा येणार असतील तर उलटं होतं. बहुतेक कुटुंबांना तुझ्या आईवडिलांना भेटायचं असतं, जेवायला आग्रहाने बोलावतात. पण आपल्या आईला महिनाभर यायचं असतं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात तुझ्यासाठी काहीतरी करायचं असतं. तिची सोय जवळच्या फेरिएनवोनुंगमध्ये कर, म्हणजे भाड्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये. तिथे तिचं स्वतःचं स्वयंपाकघर असेल आणि तुला दोन आयांच्या मध्ये उभं राहावं लागणार नाही.

आणि नाही म्हणाले तर? "ठीक आहे, कळवलंत ते बरं झालं" एवढं म्हण आणि त्याच संध्याकाळी मुलांची अंघोळ नेहमीसारखी घाल. अवघडलेपण त्यांच्याकडून क्वचित येतं. आपणच दोन दिवस गप्प राहून ते आणतो, आणि मग ते विचारात पडतात की हिला झालं काय. मैत्रिणीला सांगताना "ते लोक तसेच आहेत गं" असंही नको. घरात जागा नाही, टिटिझेला खोली बघितली आहे, हे पुरेसं आहे. तिला फुकट राहायचंच असेल तर ती रुसेल, रुसू दे. ९० युरो फी भरून व्हिसा काढणारी मुलगी हॉस्टेलचेही पैसे भरू शकते.

हो म्हणाले तर मात्र ती यायच्या आदल्या आठवड्यात तारखांची आठवण कर, फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तिचं नाव लिही, ती गेल्यावर चादरी-टॉवेल त्याच दिवशी धू. आणि व्हिसाच्या अर्जात परतीच्या तारखेनंतरचे दोन-तीन दिवस जास्तीचे मागायला तिला सांग. विमान रद्द झालं, गाड्यांचा संप झाला, तर एवढी सवड हाताशी असलेली बरी.